बोडक्या मानेचा कोंबडा

मी एका घरच्या कोंबड्या उपाशीपोटी तोलल्या, दुसऱ्या घरच्या पोटभर खाल्ल्यावर तोलल्या, आणि त्या वजनांवरून कोणती जात चांगली ते सरकारला लेखी कळवलं. चूक एवढीच. सांगायला एक वाक्य पुरतं. करायला मला सहा महिने लागले.

तेव्हा मी मंठ्याला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. जालना जिल्हा नवाकोरा होता. छापील फॉर्मवर जुन्याच जिल्ह्याचं नाव असायचं. ते खोडून वर ‘जालना’ लिहिताना आपण काहीतरी स्थापन करतोय असं मला वाटे. पद म्हणाल तर गुरांना लस टोचायचं. पण हातात पिशवी आणि खिशाला पेन असलं की खेड्यात कुणालाही ‘साहेब’ म्हणतात, आणि मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

अशात वरून कागद आला. गावठी कोंबड्यांत कोणत्या जातीची वाढ चांगली, कोणती अंडी जास्त देते, हे एक गाव निवडून सहा महिने पाहा. जी जात सरस ठरेल तिचे कोंबडे त्या गावात घरोघर द्यायचे, आणि बाकी जातींचे कोंबडे गावातून काढायचे. कागद वाचून मला हसू आलं. कोंबड्यांची निवडणूक, आणि निवडणूक अधिकारी मी!

मंठ्याहून सकाळच्या गाडीनं तासाभरावरचं एक गाव मी धरलं. त्यात घरं निवडली तीन. सरपंचांकडे तांबड्या कोंबड्या होत्या. दुसऱ्या एका घरी काळ्या होत्या, पण त्या दुसऱ्याच महिन्यात मुंगसानं स्पर्धेतून बाद केल्या. आणि तिसरं घर गावाच्या टोकाला, निळ्या कमानीच्या पलीकडे, मावशींचं. त्यांचं नाव माझ्या वहीत होतं, पण सगळी वस्ती त्यांना मावशीच म्हणायची, म्हणून मीही.

मावशींच्या कोंबड्या बोडक्या मानेच्या. म्हणजे मान गळ्यापासून छातीपर्यंत उघडी, लालबुंद, एकही पीस नाही. तुम्हीही कुठंतरी पाहिल्या असतील आणि आजारी समजून पुढं गेला असाल. मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं, “मावशी, यांना खरूज झालीय का?”

मावशींनी एक कोंबडी उचलून दोन्ही तळव्यांवर घेतली, डोळे मिटले, हात जरासे खालीवर केले. हे त्यांचं तोलणं. “सव्वा किलोला जरा कमी,” म्हणाल्या. मी काट्याच्या हुकाला कोंबडी अडकवली. सव्वा किलोला दोन रेघा कमी.

“आधी हातावर घ्या, मंग लिवा,” त्या म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद. पिल्लू असो, अंडं असो, माझ्या हातात आधी ठेवायच्या. मी ते घाईनं काट्यात टाकायचो. सरकारनं काटा दिलाय म्हटल्यावर हाताला कोण विचारतो!

त्या कोंबड्या मावशींच्या माहेरच्या, टेंभुर्णीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं बांबूच्या डालग्यात घालून एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणि एक कोंबडा दिला होता. भांडी फुटली, लुगडी विरली, नवरा गेला; तो वंश मात्र दारात फिरत होता. “माहेरचं येवढंच हाय,” त्या हसून म्हणायच्या. “पर रोज आंडं देतंय.”

आता माझी पद्धत ऐका. दर पंधरवड्याला सातच्या गाडीनं उतरलो की पहिलं घर मावशींचं. त्यांना माझा हुकूम होता: मी येईपर्यंत कोंबड्या डालग्याखालून सोडायच्या नाहीत, नाहीतर पकडायला पळावं लागतं. मावशी हुकूम पाळायच्या. रात्रभराच्या उपाशी कोंबड्या मी तोलायचो, पायातले रंगीत दोरे पाहून आकडे लिहायचो. त्यांची सून, नवीनच लग्न झालेली, डालगं धरून उभी असायची.

“चहा टाकते, साहेब.”

“नको, घाई आहे.”

घाई नव्हती. तिथून मी सरपंचांच्या ओसरीवर जायचो. चहा, मग पोहे, मग गावच्या गप्पा, मग पुन्हा चहा. दहा वाजून जायचे. तोवर तांबड्या कोंबड्या खळ्यावरची ज्वारी टिपून टिपून टच्च झालेल्या असत. गळ्याखालची थैली लिंबाएवढी फुगलेली. गडी त्यांना धरून आणायचा आणि मी तोलायचो. तांबड्यांची वाढ पाहून मी थक्क व्हायचो. आता वाटतं, त्या कोंबड्याही मला पाहून थक्क होत असतील.

अंड्यांचंही तसंच. मावशी लिहीत नव्हत्या. प्रत्येक अंड्यामागं एक चिंचोका डब्यात टाकायच्या. मी चिंचोके मोजून वहीत उतरवायचो. पण त्यांची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसली, की त्या तिला बसू द्यायच्या. सरपंचांकडे खुडूक कोंबडीला हौदात दोन बुचकळ्या देऊन उठवत, की ती आठवड्यानं पुन्हा अंडी द्यायला लागे. माझ्या तक्त्यात अंड्यांचा रकाना होता, पिल्लांचा नव्हता. मावशींच्या बसलेल्या कोंबडीपुढं मी शून्य लिहायचो.

“शून्य?” मावशींनी एकदा वहीत डोकावून विचारलं. आकडे त्यांना येत होते. “आवो, ती बसलीया. बारा पिल्लं काढून राह्यली. ते कुठं लिवलं?”

“त्याला जागा नाही, मावशी.”

“कागद तर येवढा मोठा हाय!”

चौथ्या महिन्यात त्यांनी मला पकडलं. मी तोलून निघालो तर म्हणाल्या, “साहेब, जरा बसा. आज जल्दी करू नका.” मघाशीच तोललेली एक कोंबडी त्यांनी सोडली, पुढ्यात मूठभर ज्वारी टाकली, पाणी ठेवलं. आम्ही तिघं, मी, त्या आणि सून, ती कोंबडी खाते कशी ते बघत बसलो. पोटभर खाऊन झाल्यावर मावशींनी तिला उचलून माझ्या तळव्यांवर ठेवलं. मग म्हणाल्या, “आता तोला.”

काटा चार रेघा पुढं गेला.

“अर्ध्या घंट्यात वाढली का हो?” मावशींनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तेच वाईट होतं. “सरपंचाच्या कोंबड्या तुमी कवा तोलता, ते गाव बघून राह्यलंय. त्यांच्याबी उपाशी तोला, न्हाईतर माझ्याबी खाल्ल्यावर तोला. कसंबी करा, पर बराबर करा.”

मला सगळं कळलं. त्याच क्षणी कळलं. मी ‘अरे हो’ म्हणालो, हसलो, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणालो.

पुढच्या वेळी बघितलं नाही. कारण पद्धत बदलायची तर आधीचे चार महिने फुकट गेले असं वर लिहावं लागलं असतं. चूक माझी, म्हणून सहीही माझीच लागली असती. वरिष्ठांनी मला नवीन तक्ते काढायला लावले असते, आणि एव्हाना ते माझं अक्षर चांगलं आहे असं चारचौघांत म्हणू लागले होते. शिवाय सरपंचांचे पोहे. खोटं कशाला बोलू, तेही होतेच. उरलेले दोन महिने मी मावशींकडे सातला आणि सरपंचांकडे दहालाच गेलो. पहिले चार महिने मूर्खपणा होता. पुढच्या दोन महिन्यांना मूर्खपणा म्हणायची सोय नाही.

अहवाल सुंदर झाला. तांबडी पहिली, वाढीत पहिली, अंड्यांत पहिली. बोडक्या मानेची दोन्हींत मागं. खाली लाल शाईनं रेघ मारली होती.

हुकूम आला तो घेऊन मीच गावात गेलो. आठ दिवसांत बाकीचे कोंबडे काढायचे, मग तांबडे वाटायचे. मावशींच्या दारात त्यांचा कोंबडा उभा होता: उंच, मान पेटल्यासारखी लाल. मी हुकूम वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

“येक ठिवला तर? घरातच ठिवीन. भाईर सोडणार न्हाई.”

मी म्हणू शकलो असतो, ठेवा, मी पाहिलाच नाही म्हणून. माझ्याशिवाय तपासायला येणार होतं कोण? पण मी म्हणालो, “नियम आहे, मावशी.”

“बराबर हाय,” त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी सातच्या गाडीनं उतरलो तर त्यांच्या दारात चूल पेटलेली. मावशींनी कोंबडा कापून, साफ करून परातीत ठेवला होता. त्यांनी तो उचलून माझ्या दोन्ही तळव्यांवर ठेवला. अजून कोमट होता.

“घ्या हातावर. आता पोटात काय बी न्हाई. ना ज्वारी, ना पानी. आता बराबर वजन भरंल. लिवा.”

मी वही उघडली नाही. काटा पिशवीतून काढलाच नाही. शेवटी सुनेनं तो माझ्या हातातून काढून परातीत ठेवला आणि ती मसाला वाटायला बसली.

“आज जेवल्याबिगर जायचं न्हाई,” मावशी म्हणाल्या.

सहा महिन्यांत त्या घरी मी चहाचा घोटही घेतला नव्हता. त्या दिवशी घाई आहे म्हणायचं तोंड नव्हतं. जेवलो. काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची गरम भाकरी. मला सांगायला लाज वाटते, पण जेवण अतिशय चांगलं झालं होतं. मग मी ‘बाकी कोंबडे काढले’ या ओळीपुढं सही केली आणि दुपारच्या गाडीनं परत गेलो.

पुढं माझी बदली अंबडकडे झाली. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ऊसतोड्यांचे बैल टोचत वर्षं गेली. मंठ्याकडचं कुणी भेटलं की मी आडून आडून विचारायचो. कळलं ते असं: मावशींच्या कोंबड्यांना तांबड्या कोंबड्यापासून जी पिल्लं झाली त्यांच्या मानेवर पिसांचा एक झुबका आला. ना धड उघडी, ना धड झाकलेली. दिसायला विचित्र म्हणून घरचे तीच आधी बाजारात नेत. दरवर्षी थोडी कमी झाली. आणि उन्हाळ्यात तांबड्या चोच वासून सावलीला पडून मरायच्या, तेव्हा म्हातारे म्हणत, त्या उघड्या मानेच्यांना ऊन बाधत नव्हतं.

निवृत्तीला काही महिने उरले होते, तेव्हा एकदा त्या गावात उतरलो. मावशींना सगळं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. गाडीत वाक्यंही जुळवली होती. निळ्या कमानीला नवा रंग होता. घर स्लॅबचं झालं होतं. मावशी आदल्या वर्षी गेल्या होत्या.

सुनेनं मला ओळखलं. तिचेही केस पिकायला लागले होते. मी ओट्यावर बसलो आणि बोलायच्या आधी नजर अंगणात गेली. पाच-सहा तांबड्या कोंबड्या, आणि त्यांत एक तलंग, मानेवर पीस नसलेली! मी उठूनच उभा राहिलो. “राहिली की! ही बघा, मावशींची जात राहिली!”

“ती व्हय?” सून म्हणाली. “तिला बाकीच्या टोचून राह्यल्यात. येतील पिसं परत.”

मी खाली बसलो. मग सांगितलं. सातची गाडी, दहाचे पोहे, खळ्यावरची ज्वारी, चार रेघा. कळूनही बदललं नाही, तेही. जुळवलेली वाक्यं एकही कामाला आली नाहीत. सून तांदूळ निवडत होती. ती हात न थांबवता ऐकत होती. माझं संपल्यावर मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या साहेब, जुनी गोष्ट झाली.

“मावशी कधी काही बोलल्या का, माझ्याबद्दल?” मी विचारलं.

“बोलायच्या की.”

“काय?”

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. कोंबड्या त्याच्यामागं धावल्या.

“म्हनायच्या, त्या साहेबानं आपल्या कोंबड्या उपाशी तोलल्या, अन् आपला कोंबडा मात्र दोनदा रस्सा मागून खाल्ला.”