सव्वा तासाचं हैदराबाद

पहाटे साडेपाचला जीपनं घोडेगाव सोडलं. त्या दिवशी हैदराबादला नातीचं बारसं, दुपारी बाराला.

तीन वर्षांपूर्वी मुलीचं लग्न ठरवताना मी अडून बसलो होतो, "हैदराबाद लांब पडतं." व्याही हसले होते. "अहो, शिर्डीहून विमानानं सव्वा तास!" म्हशींच्या बाजारात मी एका दावणीपासून वर आलो, म्हातारी म्हैस तरणी म्हणून मला कुणी विकू शकलं नाही. पण हा सव्वा तास मी दात न बघता घेतला.

नेवासा, श्रीरामपूर, मग उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत आठला काकडीच्या माळावरचा विमानतळ गाठला. अडीच तास इथेच गेले.

तपासणीत तुपाचा डबा अडला.

"पातळ पदार्थ चालत न्हाई, बाबा."

"थिजलंय की! उलटा धर, सांडलं तर सांग."

वीस मिनिटं भांडलो. हरलो. डबा जीपवाल्याबरोबर परत गेला.

विमान साडेनऊचं. फलकावर आलं, अर्धा तास उशीर. दहाला पुन्हा अर्धा तास. मी उठून काउंटरवर गेलो. तिथल्या मिशाळ साहेबांची बोली ओळखीची वाटली.

"गाव कोणतं?"

"कुकाणं, काका."

"मग घोडेगावचा बाजार माहीत असंल."

"लहानपणापास्नं!"

आमच्या बाजारात तोंडानं सांगतात तो भाव गर्दीसाठी. खरा भाव उपरण्याखाली, बोटं धरून. मी उपरणं काढून काउंटरवर पसरलं आणि खाली हात सरकवला. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग त्यांचा हात आत आला आणि माझी चार बोटं घट्ट दाबली गेली.

"अर्धा तास लागंल, काका," ते मोठ्यानं म्हणाले.

मी लेकीला फोन लावला. मागून व्याह्यांचा आवाज येत होता, "मोबाईलवर अर्धा तासच दाखवतंय! बाराला पाळणा हलणार, पाहुणे यायला लागलेत."

लेक हळूच म्हणाली, "आबा, तोंडी का उपरण्याखाली?"

"उपरण्याखाली. चार."

"मग पाळणा सहाला. पाहुणे जेवून घेतील."

व्यापाऱ्याची लेक ती. फलकाला भुलली नाही.

सव्वादोनला विमान उडालं. खाली उसाचे हिरवे तुकडे, मग नुसतं ढेकळांचं रान. घड्याळ लावून बसलो होतो. बरोबर सव्वा तासात उतरलो. व्याही खोटं बोलले नव्हते, हेच जास्त झोंबलं. विमानतळापासून घरी पोचायला आणखी पावणेदोन तास. सव्वापाच वाजले होते. जीप तशीच पुढं हाकली असती तरी साधारण तेव्हाच पोचलो असतो, आणि तूपही पोचलं असतं.

व्याही दारातच उभे. "झाला ना सव्वा तासात प्रवास?"

मी आत जाऊन बसलो. लेकीनं नात मांडीवर दिली. सहाला आत्यानं कानात नाव सांगितलं, मी पाळण्याची दोरी ओढली. वर 'डबल का मीठा' (तळलेल्या पावाचा दुधातला गोड पदार्थ) दोनदा मागून खाल्ला.

परतीलाही अख्खा दिवस गेला. घरी आल्यावर कळलं, की आकाशातलं अंतर हा गर्दीसाठी सांगितलेला भाव असतो. खरा आकडा दारापासून दारापर्यंतचा.

आता नातीचं जावळ घोडेगावात काढायचं ठरलंय, दुपारी बाराला. काल व्याह्यांनी फोन करून विचारलं, "आम्हाला यायला कितीसा वेळ लागेल हो?"

फोनवर उपरणं टाकता येत नाही.

"सव्वा तास," मी म्हणालो.