बेटावरची दुपटी

नवराबायको हवापालटाला निघाले, तर ट्रंक कुणी उचलावी याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. म्हणून ती मी उचलली. आणि चुकीची उचलली.

आमच्या अंबरनाथच्या दोन खोल्यांत पलंगाखाली दोन ट्रंका असत. दोन्ही हिरव्या, दोन्हींवर तोच लाल गुलाब. बायकोनं एकीत आमचे कपडे भरून ठेवले होते. कुठली, हे विचारायला हवं होतं. पण कारखान्यात शंभरेक माणसांच्या शिफ्टा लावणारा सुपरवायझर बायकोला विचारून ट्रंक उचलतो होय? हाताला आली ती ओढली, वर वळकटी आवळून बांधली आणि रुबाबात म्हणालो, "चल!"

ती चालू लागली. ती तेव्हा सांगाल ते करायची. चल म्हटलं की चालायची, जेव म्हटलं की दोन घास खायची. आमचा मुलगा ज्येष्ठात तापानं गेला होता. आठ महिन्यांचा होता. त्यानंतर मी कारखान्यात शिफ्टची लावतो तशी घरात दुःखाची व्यवस्था लावली. पाळणा माळ्यावर. त्याचं नाव कुणी काढायचं नाही, अशी नातेवाइकांना पत्रं. शेजाऱ्यांना समज. माझी व्यवस्था इतकी चोख झाली, की सहा महिन्यांत आमच्या घरात 'मीठ वाढ' याखेरीज वाक्य ऐकू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "यांना हवापालटाला न्या."

माथेरान, महाबळेश्वर ही नावं मोठी. पण उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मी ज्यांच्याकडून बिस्किटं घेत असे, ते खेमचंदशेठ म्हणाले, "साईं, इतना दूर क्यों जाते हो? अपना टापू है ना!"

खेमचंदशेठचं पूर्वी सिंधू नदीच्या काठी मुसाफिरखाना का हॉटेल होतं. फाळणीत ते तिकडेच राहिलं. शेठ आणि त्यांची बायको बराकीत आले. पण हॉटेल माणसाच्या डोक्यातून जात नाही. त्यांनी बदलापूरच्या पुढं उल्हास नदीतलं एक बेट तिथल्या पाटलाकडून घेतलं आणि त्यावर कुडाच्या तीन झोपड्या उभ्या केल्या. (पाटलानं ते का दिलं, हे बेटावर पाऊल ठेवताच कळतं. पाऊल घोट्यापर्यंत आत जातं.)

"चारों तरफ पानी, बीच में नारियल, केला! विलायत से लोग आएंगे!" शेठ म्हणाले.

विलायतेहून अजून कुणी आलं नव्हतं. अंबरनाथहून आम्ही पहिलेच.

बदलापूरहून बैलगाडीनं नदीपर्यंत गेलो. तिथं महादू नावाचा नावाडी होडी घेऊन उभा होता. बेट जवळ आलं, तसा मी होडीत उभा राहिलो. उतरण्याची देखरेख करायला!

"सायेब, बसा खाली," महादू म्हणाला.

"मला कळतं," मी म्हणालो.

पुढच्या क्षणी मी, ट्रंक आणि वळकटी असे तिघे उल्हास नदीत होतो. पाणी कमरेइतकंच निघालं, त्यामुळे बुडून सुटका होण्याचीही सोय नव्हती. महादूनं आधी ट्रंक काढली, मग वळकटी, मग मला. त्याच्या लेखी हा क्रम बरोबरच असावा.

"कोरडं धोतर काढ गं," मी कुडकुडत म्हणालो.

बायकोनं ट्रंकेची कडी काढली, झाकण उघडलं आणि ती तशीच बसून राहिली. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

आत दुपटी होती. झबली होती, लेस लावलेली कुंची होती, लाकडी खुळखुळा होता. सगळं नदीच्या पाण्यात भिजलेलं.

मी झाकण लावायला हात पुढं केला. "राहू दे, राहू दे! बघू नकोस! मी परत महादूबरोबर—"

तिनं माझा हात बाजूला केला. जोरात नाही. ताटावरची माशी बाजूला करावी तसा. आणि एकेक कपडा काढून पिळू लागली.

खेमचंदशेठच्या बायकोला सगळे अम्मा म्हणत. तिला मराठी कळत नव्हतं, पण ट्रंकेत पाहून तिनं काहीच विचारलं नाही. नुसती काथ्याची दोरी आणली आणि दोन माडांना बांधली. मग दोघींनी स्वच्छ पाण्यात सगळं खळबळून वाळत घातलं. माझ्यासाठी शेठची सलवार आली. तिच्यात माझ्यासारखे दोघे मावले असते आणि गाठ काही टिकेना, त्यामुळे नाडी एका हातानं धरूनच फिरावं लागे. बायकोनंही रात्रीपुरता अम्माचा कुडता-सलवार घातला. आमच्या सासर-माहेरात मिळून कुणी घातला नव्हता! मी म्हणणार होतो, की तुला शोभतो. म्हणालो नाही. बोलायचं नाही, ही आमच्या घरची व्यवस्था होती ना.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं. वाऱ्यावर बावीस दुपटी बावट्यांसारखी फडफडत होती. समोरच्या काठावर गावच्या बायका धुणी धूत होत्या. त्यांनी हात कपाळावर धरून पाहिलं, एकमेकींना हाका मारल्या आणि धुणी तशीच टाकून गावाकडे पळाल्या.

मी शेठना म्हणालो, "काय झालं हो त्यांना?"

"हवा अच्छी है, साईं," शेठ म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्याला हेच उत्तर असे.

तासाभरानं महादूची होडी आली. होडीत सात बायका! कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या फडक्यात आळीव, कुणाकडे सुंठ. नदीकाठच्या त्या गावात दोरीवर दुपटी दिसली की अर्थ एकच. महादूनं काल 'शेटकडं एक बाय उतरलीय' एवढं सांगितलं होतंच. बाकीचं दुपट्यांनी सांगितलं!

पुढं होती विठाय नावाची म्हातारी. चिखलातून ती माझ्यापेक्षा भरभर आली.

"पोरगा जाला का पोरगी?"

मी सलवार सावरत आडवा आलो. "आजी, इथं बाळ नाही."

"बाल नाय?" तिनं दोरीकडे बोट केलं. "मंग ही दुपटी काय तू नेसतोस?"

बायका हसल्या. मी मागं पाहिलं. बायको झोपडीत होती. तिच्यापर्यंत हे जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माणूस घाबरला की खोटं बोलतो, आणि मी खोटं बोलतो तेव्हा ते शेंबडं पोरही ओळखतं.

"ही... ही हॉटेलची आहेत," मी म्हणालो.

"हां हां, होटल की हैं!" खेमचंदशेठ धावून आले. "नॅपकिन हैं! साहब लोग मुंह पोंछते हैं!"

विठायनं एक झबलं चिमटीत धरलं. "याला बंद हायेत गो बाय. तोंड पुसून गाठ मारत्यात काय?"

"विलायती है," शेठ क्षीण आवाजात म्हणाले.

"माझ्या मुलाची आहेत."

बायको दारात उभी होती. पदर खोचलेला, केस मोकळे.

"माझ्या मुलाची आहेत," ती पुन्हा म्हणाली. "तो गेला, ज्येष्ठात."

मी वाट पाहू लागलो. आता बायका 'अरेरे' म्हणतील, पाय मागं घेतील, होडीत बसतील आणि माझी व्यवस्था पूर्ववत सुरू होईल.

विठाय चिखलातच फतकल मारून बसली.

"नाव काय व्हतं गो?"

मी म्हणालो, "आजी, कृपा करून—"

"मुकुंद," बायको म्हणाली.

सहा महिन्यांत तो शब्द मी ऐकला नव्हता. ती इतकं स्वच्छ म्हणाली, की जणू त्याला जेवायला हाक मारतेय.

"कोनासारखा व्हता?"

"यांच्यासारखा. झोपेत अशा भुवया वर करायचा. कुणी काही चुकीचं बोललं असावं तशा."

"दात आलं व्हतं?"

"खालचे दोन. तिसरा येत होता."

मग त्या बोलतच राहिल्या. विठायचे दोन गेले होते. थोरला चालायला लागला होता, ती म्हणाली. अम्माला शब्द कळत नव्हते, पण तीही येऊन बसली आणि म्हणाली, "एक हमारा भी, उधर, नदी के किनारे." हॉटेलात चहा द्यायचा असतो, हे शेठ विसरले. मीही विसरलो, की मी पाहुणा आहे. मी आपला उभाच, नाडी हातात धरून.

विठायनं माझ्याकडे वळून पाहिलं. "आन बापाला काय आठवतं?"

मी म्हणणार होतो, की आता ऊन फार झालं, यांना विश्रांती हवी. तोंड उघडलं. त्यातून भलतंच आलं.

"मी सेकंड शिफ्टला होतो," मी म्हणालो. "ताप साधा वाटला मला. ही म्हणाली होती, जाऊ नका. मी म्हणालो, माझ्यावाचून शिफ्ट अडेल..."

शंभर माणसांचा सुपरवायझर सात बायकांसमोर परक्याच्या सलवारीत भोकाड पसरून रडला! आणि नीट रडायला दोन्ही हात लागतात. माझा एक नाडीत अडकलेला. नाक, डोळे, सगळं वाहतंय आणि पुसायला हात पुरत नाहीत, अशी माझी अवस्था बघून एक तरुण बाई फिसकन हसली. तिला हसू आवरेना. मग बाकीच्याही हसल्या, डोळे पुसत. त्यात माझी बायकोही होती.

तिनं दोरीवरचं एक वाळलेलं दुपटं काढलं आणि माझं तोंड पुसलं. लहान मुलाचं पुसतात तसं, खसाखसा. बराच वेळ पुसत होती.

बायकांनी नारळ परत नेला नाही. अम्मानं तो फोडला आणि सगळ्यांना वाटला. दुपटी बायकोनं घडी घालून ट्रंकेत ठेवली. एकही कुणाला दिलं नाही, आणि मीही ती कुठं ठेवायची याबद्दल काही सुचवलं नाही.

अंबरनाथला परत आलो, तेव्हा शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. मी दिलेली समज त्यांनी इमानानं पाळली होती, म्हणून अगदी हळू आवाजात, माझ्याकडे बघत बघत त्यांनी बायकोला विचारलं, "आता कशी आहे गं तुझी तब्येत?"

"मला काय झालं होतं, काकू?" बायको म्हणाली. "आजारी हे होते. आता रडायला लागलेत. होतील बरे."