चिंच, चार्ट आणि माझा पहिला नंबर

लेकीच्या शाळेने ‘टॅप रूट’ असलेलं एक रोप मुळासकट चार्टवर लावून आणायला सांगितलं, वर नंबरही काढणार होते, आणि आम्हा पालकांच्या अंगात आलं. पुण्याहून कन्नड मुलखात, येलहंक्यात येऊन मला चार वर्षं झाली होती. ऑफिसात दिवसभर हिंदी-इंग्रजी झोडल्यावर घरी मराठीत ज्ञान पाजळायची संधी मी सोडणं शक्यच नव्हतं. ह्याला सोटमूळ म्हणतात, मी सांगितलं. एकच जाड मूळ सोट्यासारखं सरळ खाली जातं, बाकीची बारीक मुळं त्यालाच फुटतात. ती म्हणाली, मग गाजर नेते. तिचं अगदी बरोबर होतं. पण पालकांच्या ग्रुपवर एकाने आनेकलच्या शेतातून खणून आणलेल्या पपईचा फोटो टाकला होता. गाजर नेऊन नाक कापून घ्यायला मी तयार नव्हतो.

खाली तळमजल्यावरच्या अक्कांच्या अंगणात लेकीची चिंच होती. अक्कांनी दिलेला चिंचोका तिने स्वतः कुंडीत लावला होता, आणि शाळेतून आली की दप्तरासकट आधी तिथे जायची. मी रोपाला हात घातला तेव्हा अक्का, ज्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच, म्हणाल्या, “स्वल्प थांबा अण्णा. भोकातून मूळ भुईत गेलंय. ते तुटलं की चिंच जगत नाही.” मी कानडीत ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणालो आणि ओढलं. लेकीला शब्द दिला, उद्या संध्याकाळी परत लावू.

मूळ मधोमध तुटलं. हाती आलेलं मी चार्टवर चिकटवलं आणि उरलेलं तपकिरी स्केचपेनने काढलं, चांगलं वीतभर. पहिला नंबर आला. पपईवाल्यानेही ग्रुपवर नाइलाजाने अंगठा पाठवला.

त्या संध्याकाळी लेकीने रोप चार्टवरून हलकेच सोडवून कुंडीत लावलं. आठ दिवस पाणी घातलं. पानं गळून नुसती काडी उरली. मी नर्सरीतून महागाचं रोप आणलं. तिने थँक्यू म्हटलं आणि बाल्कनीत ठेवून दिलं. तेव्हा मात्र मला खरंच लाज वाटली.

महिन्याभराने अक्कांच्या कुंपणाशी चिंचेचं नवं रोप दिसलं, थेट जमिनीत. लेकीला कुंडी का नाही दिली, मी विचारलं.

“दिली होती,” अक्का म्हणाल्या. “नको म्हणाली. कुंडीतलं बाबा काढून नेतो.”