हेमराजच्या गालावरचा चिखल

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा होतो, रोवणी अर्ध्यावर आलेली. हात धुऊन घेईपर्यंत फोन दोनदा वाजून थांबला. मुंबईहून त्याचा मुलगा बोलत होता... पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही.

आता सगळे लिहितात, मोठा दिग्दर्शक होता. असेल. १९९९ साली आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात त्यानं पहिला सिनेमा काढला तेव्हा कॅमेरा भाड्याचा आणि बांधी माझी, फुकटची. त्याला रोवणीचा शेवटचा दिवस हवा होता. रोपं संपत आलेली, म्हणजे दुसरी संधी नाही. पांढरा शर्ट घालून बांधाच्या धुऱ्यावरून तो सकाळपासून बायांवर ओरडत होता, इकडे पाहू नका, हसू नका, हळू लावा. आमच्याकडे रोवणी संपली की बाया मालकाला चिखल फासतात. दरेकशाकडून त्याच दिवशी मजुरीला आलेल्या बायांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. एवढा ओरडतो तोच मालक, असं त्या धरून चालल्या. शेवटचं रोप लागलं आणि त्यांच्यातल्या सीताबाईनं त्याला खाली ओढलं.

"मी मालक नाई वो! मालक तो पाहा!"

मी तोवर शहाण्यासारखा मोहाच्या झाडामागे.

"मंग सकारपासून कायले बोंबलून राहिला होतास?" म्हणत तिनं त्याचे दोन्ही गाल माखले. 'थांबवा' म्हणायला त्याचं तोंड रिकामं नव्हतं, म्हणून कॅमेरा चालूच राहिला. तोच प्रसंग महोत्सवांत गाजला. गोंदियात सिनेमा दोन दिवसांत उतरला.

पुढे एका हिंदी निर्मात्यानं त्याला बोलावलं, मोठा हिरो दिला. तिथंही याला रोवणीच हवी. फोन आला, "सुखराम, इथला चिखल खोटा वाटून राहिला. तुझ्या बांधीतला पाठव." मी पोतं भरून गोंदिया स्टेशनवर गेलो.

"इसमें क्या है?" पार्सलवाल्या बाबूनं विचारलं.

"कीचड़."

"मुंबई में कीचड़ नहीं है क्या?"

"है साहब, पर असली नहीं है."

पोचेपर्यंत त्याची ढेकळं झाली. सिनेमा मात्र धो धो चालला. त्यातलं एक ढेकूळ त्यानं टेबलावर ठेवलं. मुलाखतीला येणाऱ्यांना ती काहीतरी पुराणवस्तू वाटायची आणि हा पठ्ठ्या वाटू द्यायचा.

"पुढच्या रोवणीले पक्का येतो, बायाईले सांग," असं तो दरवर्षी म्हणायचा. मी सांगायचो. सीताबाई शेवटचं रोप हातात धरून धुऱ्याकडे पाहायची. गेल्या वर्षी मी चिडलोच, "लेका, यायचं नाही तर खोटं कायले बोलतोस?" तो म्हणाला, "चालणं होत नाही रे." मला वाटलं, नाटक करतो. ते माझं बोलणं मला अजून टोचतं.

तेरावं आटोपून मुलगा आला तो नेमका रोवणीच्या शेवटच्या दिवशी, बापाचा फोटो आणि ते ढेकूळ घेऊन. ढेकूळ मी बांधीच्या पाण्यात सोडलं. सीताबाईनं शेवटचं रोप रोवलं, तिथलाच चिखल उचलला आणि फोटोच्या दोन्ही गालांना फासला.

"लय वर्सं चकवलंस. आता पळ बरं!"

बाया हसल्या, मुलगाही हसला. मी मोहाच्या झाडामागे गेलो.

फोटो आता आमच्या ओसरीत आहे. बायको तो रोज पुसते, गाल सोडून.