‘नाही’ म्हणायचा आठवडा

कॉम्प्युटर शिकायची संधी आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आली आणि मी मान ताठ करून तिला "नाही" म्हणाले. कारण काय, तर पुस्तकात तसं लिहिलं होतं!

तेव्हा मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात हिशेब लिहायचे. हेडक्लार्कनी पुस्तक सुचवलं. "ताई, पुढे जायचंय ना? मग हे वाचा." मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला एक टायवाला. चेहरा असा, की याला घरच्यांनी कधी दळण आणायला पाठवलंच नसावं. मी पडले आज्ञाधारक. धड्याखाली स्वाध्याय दिलाय म्हणजे तो करायचाच. चौथ्या धड्याखाली होतं, आठवडाभर कुणी काहीही विचारलं तरी ‘नाही’ म्हणा, आणि कारण देऊ नका.

झालं! सासूबाईंनी विचारलं, "चहा टाकू गो तुला?" नाही. रोज विचारायच्या, रोज नाही. मग त्यांच्या कपाचा नुसता वास घेत बसायचं. शेजारीण कढीपत्ता मागायला आली, तिला नाही. नवरा कधी नव्हे तो म्हणाला, "उत्तनच्या किनाऱ्यावर जाऊया का, वारा खायला?" नाही. बिचारा मित्राला घेऊन गेला आणि येताना सुके बोंबील घेऊन आला. बोंबलांना मात्र मला नाही म्हणवेना. तेवढी माझी प्रगती झाली नव्हती.

अशात शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, अब सारा हिसाब कंप्यूटर पे होगा. एक जन को क्लास भेजना है. तुम जाओगी?"

"नाही."

"क्यों?"

कारण द्यायचं नव्हतं ना! मी टायवाल्यासारखी हसले आणि बाहेर आले. खुर्चीत टेकले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वह्या बंद झाल्यावर वह्या लिहिणारी कुणाला हवी असणार? घाईघाईने पर्समधून पुस्तक काढलं. दिलेला ‘नाही’ परत कसा घ्यायचा, यावर एकही धडा नव्हता.

म्हणून मी वाचन सोडलं असं नाही हं. आता नातीला ऑफिसातून प्रगतीसाठी पुस्तकांच्या याद्या येतात. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या तिच्या घरी बसून मी त्या तिच्याआधी वाचते. "आजी, यातलं कुठलं घेऊ?" "कुठलंही घे. फक्त स्वाध्याय करायच्या आधी मला फोन कर."

तर, त्या ‘नाही’च्या दुसऱ्या दिवशी मी शेठपुढे उभी राहिले आणि पुस्तकासकट सगळं सांगून टाकलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "जगह है बेटा. लेकिन क्लास शाम को है. घर में पूछ लो, कल बताना."

संध्याकाळ म्हणजे स्वयंपाक, पोराचा अभ्यास, सगळं त्याच वेळेला. आणि विचारायचं कुणाला, तर ज्या सासूबाईंना आठवडाभर कारण न देता नाही म्हणत होते, त्यांनाच.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांच्या सुपात बघत बघत सगळं बोलले. टायवाला, शेठ, क्लास. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे चहा त्या पुस्तकापायी नको म्हणत होतीस? मला वाटलं, माझ्या हातचा तुला आवडेनासा झाला."

माझे डोळे भरून आले, ते लपवता येईनात. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाल्या,

"उद्या शेठला हो म्हणून सांग. आणि नाही म्हणायची एवढीच हौस असेल ना बाय, तर संध्याकाळच्या भाकऱ्यांना म्हण. त्या मी थापीन."