एका नारळापुरती थैली

परवा तुम्ही दोघांनी मला दोन सॅकचे फोटो पाठवलेत आणि विचारलंत, आजी, दिवसभराच्या डोंगरभटकंतीला आणि रोज कॉलेजला न्यायला यातली कुठली घ्यावी. एक बावीस लिटरची, दुसरी बारा. आमच्याकडे लिटरवर रॉकेल मिळायचं, त्यामुळे प्रश्न समजायलाच मला वेळ लागला. उत्तर सोपं आहे, लहान घ्या. कारण मात्र फोनवर सांगण्याएवढं लहान नाही, म्हणून आज लिहायला बसले.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. मी मेहकरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. नुकतंच लग्न झालेलं. घरात तुमचे आजोबा, मी आणि माझ्या सासूबाई. शाळेची सहल दर हिवाळ्यात लोणारला जायची. सकाळच्या एसटीने जायचं, मुलींना सरोवराच्या पाण्यापर्यंत उतरवायचं, वर आणायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून निबंध लिहून घ्यायचा. निबंध इंग्रजीत, म्हणजे माझ्याकडे.

सरोवर खोल विवरात आहे; त्या विवराच्या तळाशी, पाण्याला लागून, कमळजा देवीचं देऊळ आहे. लोणारला कोणी निघालं की गल्लीतल्या बायका त्याच्याकडे देवीसाठी नारळ देत. स्वतः जायला कोणाला सवड नसे, पण देवीला विसरून चालत नसे. त्यात मी शिकलेली सून; माझ्याबरोबर दिलेला नारळ वाटेत हरवणार नाही अशी सगळ्यांची खात्री. पहिल्या वर्षी घरातली ताडपत्रीची मोठी थैली नारळांनी गच्च भरली आणि मी ती ओढत लोणारच्या कड्यापर्यंत नेली. तिथून शिपायाने आणि मोठ्या मुलींनी नारळ वाटून घेतले. रिकाम्या थैलीत मुलींचे स्वेटर आणि डबे आले. सामानापाशी कोणीतरी बसायला हवं, आणि थैली माझी. देवीपर्यंत गल्लीतले सगळे नारळ पोचले. मी तेवढी पोचले नाही.

वर्गात मी फळ्यावर लिहिलं की सरोवराचं पाणी निळं आहे. पहिल्या बाकावरची मुलगी उठली.

"बाई, हिरवं होतं."

"आन् वास येते," मागून दुसरी म्हणाली.

मी निळं पुसून हिरवं लिहिलं. वासाला इंग्रजी शब्दही दिला. वास त्यांच्याकडेच राहिला. पुढच्या सहलीला आपण पाण्याला हात लावायचाच, असं मी फळा पुसता पुसता ठरवलं.

पुढच्या हिवाळ्यात मी शिंप्याकडून खाकी ड्रिलच्या जाड कापडाची थैली शिवून घेतली, छात्रसेनेची मुलं लावतात तशी, खांद्यांना दोन पट्टे असलेली. माप मी घरूनच काढून नेलं होतं: एक चपटा डबा, पाण्याची बाटली, टॉवेल आणि आमच्या घरचा एक नारळ. शिंपी म्हणाला, बोटभर जागा जास्त सोडतो. मी सोडू दिली नाही. मी कापड वाचवतेय असं त्याला वाटलं असावं.

सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"काऊन वं, हे पाठीले बांधाचं? मंग लेकरू झाल्यावर ते कुठी बांधशीन?"

मग त्यांनी आत नारळ घालून पाहिला, दुसरा घालून पाहिला, तो बाहेर आला. "एकच मावते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो. "मंग गल्लीचे?" मी थैलीची घडी घातली. त्यांनी विषय तिथेच सोडला, आणि ही त्यांची पद्धत नव्हती.

मोठ्या थैलीने कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. लहान थैलीत एकच जागा, आणि ती कोणाची यावर आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी बैठक भरू लागली. समोरच्या काकूंची मुलगी बाळंतपणाला आलेली, म्हणून जागा त्यांची. शेजारच्या वहिनींचा नवस जुना, म्हणून त्यांची. एकीने सुचवलं की बाईंनी एक दिवस डबा नेला नाही तर दोघींचं भागतं. सासूबाई सगळ्यांचं ऐकून घेत आणि प्रत्येकीचा नारळ कोपऱ्यात ठेवून घेत. परत एकही केला नाही.

सहलीच्या सकाळी पाठीवर थैली, दोन्ही हात मोकळे, अशी मी एसटीत चढले. पुढच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर ताडपत्रीची थैली, भरलेली.

"तुही थैली लहान आहे," त्या म्हणाल्या. "माही थोडीच लहान आहे?"

मुख्याध्यापिकाबाईंना आनंदच झाला. मुलींबरोबर एक वडीलधारं माणूस असलेलं बरं. मी लोणारपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. कड्यावर आता एक थैली असणार, एक सासू असणार, आणि दोघींपाशी बसायला एक सून. थैली जेवढी लहान केली तेवढं सामान वाढलं होतं.

कड्याजवळ धार आहे, तिथे गोमुखातून पाणी पडतं आणि शेजारी देऊळ आहे. मुली खाली उतरायला रांगेत उभ्या राहिल्या. सासूबाई काठाशी जाऊन बराच वेळ खाली पाहत होत्या. मी विचारलं, खालचं देवीचं देऊळ कुठल्या अंगाला आहे. त्यांना सांगता येईना.

"मी कुठी गेली खाली?" त्या म्हणाल्या. "आम्ही आलो का मीच बसो सामानापाशी."

मग त्यांनी धारेवरच्या पुजाऱ्याला हाक मारली आणि थैलीतले सगळे नारळ तिथेच फोडून घेतले. एक मुलगी म्हणाली, आजी, हे खालच्या देवीचे ना?

"खालची देवी अन् वरचा देव काय येगळ्या गल्लीतले हायेत?"

पुजाऱ्याने रीतीप्रमाणे अर्धी अर्धी भकलं ठेवून घेतली. सासूबाईंनी उरलेली थैलीत भरली, तिच्याभोवती मुलींचे डबे मांडून घेतले आणि त्या बसल्या.

"तू जाय. पाण्याले हात लाव. देवीले सांग, नारळ वर फोडले, सासूचे गुडघे दुखतात."

वाट उतरती, गोट्यांची, मधे दाट झाडी. दोन्ही हात लागले. ती मोठी थैली हातात असती तर मी निम्म्यातून परतले असते. पाणी हिरवंच होतं आणि हाताला साबणासारखं बुळबुळीत लागत होतं. देवळात घरचा नारळ दिला आणि निरोप जसाच्या तसा वऱ्हाडीत सांगितला. पुस्तकी मराठीत तो बरा वाटला नसता.

चढून वर आले तेव्हा धापेने मला बोलवत नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, पाणी कसं आहे. मी हात पुढे केला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, तोंड वाकडं केलं, आणि परत एकदा वास घेतला.

गल्लीत घरोघर प्रसाद पोचला. नारळ कुठे फोडले हे कोणी विचारलं नाही.

खाकी थैली पुढे रोजच वापरली. शाळेच्या वह्या, भाजी, तुमच्या बाबांची दुधाची बाटली, सगळं तिच्यातून गेलं. शेवटी तिचा तळ गेला आणि मी तिची फडकी केली. ताडपत्रीची मोठी थैली अजून माळ्यावर आहे. एक शिवणही उसवलेली नाही. तिच्यात मी गोधड्या ठेवते.