गढीवरचं लुगडं

मेथीच्या जुड्या बांधणं हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. ऊन चढायच्या आत ती वाफ्यात बसून मेथी उपटत होती, जुडी बांधत होती, आणि मी मुळं पाण्यात बुचकळून जुड्या ओल्या पोत्यावर लावत होतो. तिच्या हातची जुडी कायम मोठी. येवढी मोठी जुडी बाजारात कोण देतं, असं मी म्हणायचो आणि ती ऐकायची नाही. त्या दिवशीही आमचं त्यावरूनच झालं. मग म्हणाली, दसरा जवळ आलाय, चार जुड्यांपुरती मेथी गढीवर न्यायला वाफ्यातच ठेवा. सरकारांना आवडती.

"सरकारला येवढी आवडती तर येऊ दे की आपल्या भांडगावला. एसटी थांबती हायवेला."

"सरकार कुठं जात न्हाईत. सरकारकडं जात्यात," ती म्हणाली. "तुमा खालशातल्यांना काय कळायचं त्यातलं."

खालशातलं म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजाच्या काळात आमच्या गावावर सरळ इंग्रजाचा अंमल, म्हणून ते खालसा. तिचं माहेर भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात, आणि ते जहागिरीत. मोजून पाच-सहा गावं, पण त्यांचा धनी वेगळा, त्यालाच सरकार म्हणायचं. त्याची स्वतःची कचेरी, स्वतःचा शिक्का, चोर कोंडायला स्वतःची कोठडी. सारा त्याच्याकडं भरायचा, भांडण त्याच्याकडं न्यायचं. इंग्रज साहेब आला तरी गढीच्या दाराशी घोड्यावरनं उतरायचा, असं तिचा आजा सांगायचा. आजा देवडीवर पहाऱ्याला होता.

ही जहागीर तिच्या जन्माच्या आधीच मोडली. कायदा आला, कचेरी उठली, जमिनी कसणाऱ्याच्या झाल्या. आता गढीच्या अर्ध्या भागात अंगणवाडी भरते. तरी ही आपली 'आमच्या राज्यात' म्हणूनच बोलायची. मी म्हणायचो, तुमचं राज्य सायकलवर एका दमात पालथं घालता येतंय. ती म्हणायची, या की, देवडीवर माझा आजा उतरवंल तुमाला सायकलवरनं.

हसण्यावारी न्यायचो, पण मला ते लागायचं. सुरुवात लग्नातच झाली होती. लग्न लागलं, जेवणं झाली, वरात निघाली ती आमच्या गावाला नाही, आधी गढीवर. का, तर जहागिरीतली लेक ती सरकारची लेक, सरकारला मुजरा केल्याशिवाय शीव ओलांडायची नाही. बाशिंग बांधलेला मी, आणि मला बैलगाडीतनं खाली उतरवलं. समोर खुर्चीवर माझ्याच वयाचा पोरगा, मिसरूडही धड न फुटलेला. त्यानं तिच्या अंगावर गढीवरचं लुगडं टाकलं. मी वाकून मुजरा केला. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. माझ्याकडं तिनं पहिल्यांदा बघितलं ते त्याच्यानंतर, भीमा ओलांडल्यावर.

मग कळलं की लहानपणी ह्या पोरानं तिला आपल्या घोड्यावर बसवलं होतं. एकदा. देवडीपासनं पारापर्यंत. ते घोडं तिच्या तोंडातनं उभ्या जन्मात खाली उतरलं नाही. मी तिला मोटारसायकलवर बसवलं, ट्रॅक्टरवर बसवलं, मुलानं गाडी घेतली तवा पुढच्या शिटावर बसवलं. त्यातलं एकही वाहन तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सुनेला सांगायची ते घोडं. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणे.

दसऱ्याला ती सकाळीच माहेरी जायची. सरकार पुण्यात राहायचे, पण त्या दिवशी गढीवर येऊन बसायचे. ती त्यांना सोनं द्यायची, संध्याकाळी परत यायची आणि मग मला द्यायची. माझ्या हातात यायची तवा ती आपट्याची पानं सुकलेली असायची.

तर त्या दिवशी मेथी टेम्पोत चढवली, ती हातपाय धुऊन लिंबाखाली टेकली. जरा दम खाते म्हणाली. मी पोती आवरून येऊन बघतो तर मान कलंडलेली. डॉक्टर आला, हात धरून बघितला आणि खाली ठेवला.

बाया म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. तिच्या भाग्यासाठी मला मागं राहावं लागलं, ते कुणी बोललं नाही. सुनेनं यवतहून हिरवं लुगडं आणवलं ते नेसवलं, बांगड्या भरल्या, ओटी भरली. आमच्याकडं अंगावर सासरचं नेसवतात आणि वरनं माहेरचं पांघरतात. मग माहेराची वाट बघायची. तोवर उचलत नाहीत.

दुपार कलताना मेव्हणा आला. त्याच्या हातात लुगडं होतं, जरीच्या काठाचं, जुन्या धाटणीचं. मला म्हणाला, "दाजी, हे गढीवरचं हाय. सरकारनी दिलंय."

भावानं स्वतःचं आणलं असतं तर मी तोंडातनं शब्द काढला नसता. म्हणालो, "मागं घे."

"दाजी, रीत हाय."

"तुमच्या गावातली. इथं माझी बायको हाय. तिच्या अंगावर दुसऱ्या बाप्याचं लुगडं मी घालू देणार न्हाई."

मुलगा माझा दंड धरून बाजूला घेऊ लागला. तेवढ्यात मेव्हण्याच्या मागं थांबलेल्या गाडीतनं एक म्हातारा उतरला. पायजमा, शर्ट, कानात मशीन. काठी टेकत आला. सगळी बाजूला सरली तवा मला कळलं, हा तो. इतकी वर्षं ज्याच्यावर जळलो तो हा. हायवेवर भेटला असता तर मी त्याला हात धरून रस्ता ओलांडून दिला असता.

तो मला म्हणाला, "आबा, मयताला लुगडं द्यायची ही रीत आमच्या वडिलांनीच बंद केली, लग्नातली तेवढी ठेवली. जहागीरच नाही तर लुगडं कसलं द्यायचं. गेल्या दसऱ्याला यांनी ते माझ्याकडं मागितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला शेवटी गढीवरचं पाहिजे. आमचे मालक कुरकुर करतील, पण नाही म्हणायचे नाहीत."

म्हणजे माझ्याविषयी ती त्याच्याशी बोलत होती. मी काय करीन आणि काय करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मला त्याच्याविषयी एक घोडं सोडून काही ठाऊक नव्हतं. पण तिनं मागितलेलं होतं.

"घाला," म्हणालो.

त्यानं घडी मोडून लुगडं तिच्या अंगावर पांघरलं. नीट, काठ सरळ करून. आणि मग गुडघे टेकून त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. नवऱ्यानं बायकोच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही. त्याला पडता आलं. मी उभा राहून बघितलं.

दिवस मावळायच्या आत तिला पोचवली. लुगडं तिच्याबरोबर गेलं, काठासकट. माघारी येऊन सगळी ओट्यावर टेकली तवा मेव्हणा म्हणाला, सकाळी सावडलं की रक्षा आमच्या घाटावर नेऊ, गढीच्या खाली. लहानपणी ती तिथंच पोहायला शिकली. सरकारनी नावेची सोय करतो म्हणून सांगितलंय. मुलगा बरं म्हणाला, भावकी बरं म्हणाली. मी काहीच म्हणालो नाही, ते त्यांनी होकारात धरलं.

सकाळी धारा काढायच्या आधी मी घमेलं घेतलं आणि एकटाच मसणवटीत गेलो. राख वरनं गार, आत अजून ऊन होती. पाणी शिंपडलं, रात्रीचं दूध शिंपडलं, हातानं भरली. हाडंही वेचली. घमेलं डोक्यावर घेऊन सरळ रानात आलो. शेवंतीसाठी सऱ्या पाडून ठेवल्या होत्या, त्यातल्या पहिल्या सरीपासनं टाकत गेलो, शेवटच्या सरीला घमेलं झटकलं. लाईट होती, मोटार चालू करून सऱ्यांत पाणी सोडलं. सुतकात रानातलं काम करत नाहीत, मला माहीत आहे.

मेव्हणा बांधावर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कोरं मडकं होतं, तोंडाला तांबडं फडकं बांधलेलं. रिकाम्या घमेल्याकडं बघितलं, सरीतल्या पाण्याकडं बघितलं.

"दाजी, काय केलं हे?"

"दारं धरलंय," मी म्हणालो, आणि खोऱ्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं.